डोईजड हेड

इंग्रज हा देश सोडून गेला तेव्हा गडबडीत एक वस्तू इथंच विसरून गेला. ती म्हणजे त्याचं डोकं. आपण ते नुसतं जपून ठेवलं नाही, तर जिथं जागा मिळेल तिथं बसवून टाकलं. आमच्या वारज्यात सकाळी एक चक्कर मारा, म्हणजे माणसाला दिवसाकाठी किती डोकी लागतात याचा अंदाज येईल. टाकीत पाणी चढत नाही म्हणून प्लंबरला बोलवावं, तर तो मोटारीकडे दयार्द्र नजरेनं बघून म्हणतो, "साहेब, हिला हेडच नाही." (मोटार पाणी जितकं उंच चढवू शकते त्या उंचीला हेड म्हणतात, हे आधी माहीत नसेल तर आपल्यालाच कुणीतरी बोललं असं वाटतं.) हायवेलगतच्या गॅरेजात स्कूटर न्यावी, तर मिस्त्री फडक्याला हात पुसत सांगतो, "हेड उतरवावं लागेल." मुलाच्या शाळेत जावं, तर शिपाई म्हणतो, "हेड मीटिंगला गेलेत." सोसायटीच्या सहलीची वर्गणी 'पर हेड' ठरते. या सगळ्यांतून सुटून बँकेत पोचावं, तर तिथं हेड कॅशिअर, त्यांच्या वर हेड ऑफिस आणि प्रत्येक व्हाउचरवर पुन्हा एक हेड, ज्याखाली रक्कम टाकायची असते. शरीराच्या ज्या अवयवाला आपण सर्वांत कमी त्रास देतो, त्याच्या नावाला मात्र आपण क्षणाची विश्रांती देत नाही.

एका शब्दाची समीक्षा करणं हे खरं तर विद्वानांचं काम. मी साधा बी. कॉम. माणूस. कवितेची समीक्षा करायला संवेदना लागते आणि कादंबरीची करायला सवड लागते. या दोन्ही गोष्टी बँकेत चार्ज देतानाच जमा करून घेतात. पण बावीस वर्षं जमा आणि नावे लिहिल्यावर एक गोष्ट अंगवळणी पडते, ती म्हणजे ताळा पाहणं. एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी शब्द, आणि खाली बेरीज जुळते का, एवढंच मी पाहणार आहे. आमच्या धंद्यात यालाच समीक्षा म्हणतात, फक्त त्याला ऑडिट हे नाव आहे.

आधी इंग्रजीची बाजू. इंग्रजाच्या डोक्याचं खानदान मोठं आहे. हेड हा त्याचा घरचा शब्द. शिवाय लॅटिनमधला 'कापुट' म्हणजेही डोकंच, आणि त्याची प्रजा तर गावभर पसरलेली. चीफ त्यातला, कॅप्टन त्यातला, पुस्तकाचं चॅप्टर त्यातलं, आणि आम्हा कॉमर्सवाल्यांचं आराध्यदैवत जे कॅपिटल, तेही त्यातलंच. गंमत म्हणजे गुराढोरांना इंग्रजीत कॅटल म्हणतात, तो शब्दही कॅपिटलचा सख्खा भाऊ. दोघांचा अर्थ एकच, डोई मोजून सांगता येईल अशी मालमत्ता. ज्याच्या गोठ्यात डोकी जास्त तो श्रीमंत. मोठ्या कंपन्या आपल्या माणसांची संख्या सांगताना 'हेडकाउंट' का म्हणतात, याचा उलगडा मला इथं झाला. गोठा बदलला, मोजणी तीच राहिली.

निवडणुकीतला 'पोल' हा शब्दही मुळात डोक्याचाच. जुन्या इंग्रजीत पोल म्हणजे डोकं, आणि पोलिंग म्हणजे डोकी मोजणं. त्या डोक्यांत काय आहे हे पाहण्याची तरतूद शब्दातच नव्हती, त्यामुळे पुढं कुणी ती केली नाही यात नवल नाही. महाविद्यालयांच्या कृपेनं घरोघरी पोचलेली कॅपिटेशन फी तीसुद्धा याच घराण्यातली. कॅपिटेशन म्हणजे शुद्ध मराठीत डोईपट्टी. महाराष्ट्रानं १९८७ साली कायदा करून तिला बंदी घातली, तेव्हा तिनं फक्त नाव बदललं. डोई तीच राहिली, पट्टीही तीच राहिली.

तेव्हा इंग्रजीचा हिशेब असा : हेड म्हणजे एक, जो वर बसतो तो. दोन, जो पुढे असतो तो. आणि तीन, जो मोजला जातो तो. आता मराठीच्या बाजूला येऊ.

मराठीत हेडला प्रतिशब्द द्यायची पाळी यापूर्वी अनेकांवर आली. कॅप्टन मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली वाढवून पुन्हा निघाला. इंग्रजीकडून मराठीकडे येणारा कँडीचा कोश १८४७चा. हे कॅप्टन आणि मेजर लोक पलटणी सोडून मराठी शब्दांच्या मागे लागले, याबद्दल त्यांना एक सलाम ठोकला पाहिजे. पण आपल्या रोजच्या आयुष्यात हेडची जी भाषांतरं येऊन बसली, ती मुख्यतः स्वराज्यातली. महाराष्ट्र राज्य झालं, १९६० साली भाषा संचालनालय निघालं, आणि १९६२ साली 'पदनाम कोश' आला. त्या काळी लोकांनी त्याची 'बदनाम कोश' म्हणून टिंगल केली. ती थोडी अन्यायाचीच होती. हजारो हुद्द्यांना रातोरात मराठी कपडे चढवायचे म्हणजे काही माप चुकणारच. शिवाय त्या वेळी ज्यांना हसलो, त्यांतले कितीतरी शब्द आज आपण न हसता वापरतो. मुख्याध्यापक म्हणताना आता कुणाची जीभ अडखळत नाही. मुलांचीच अडखळते, पण ती भीतीनं.

माझी तक्रार वेगळी आहे. सरकारी मराठीला हेड दिसलं की तिच्या हातात दोनच साचे येतात, 'मुख्य' आणि 'शीर्ष'. हेड ऑफिस ते मुख्य कार्यालय, हेड क्लार्क तो मुख्य लिपिक, हेडक्वार्टर ते मुख्यालय. विभागाचं हेड तो विभागप्रमुख आणि कुटुंबाचं हेड तो कुटुंबप्रमुख. आता हा 'मुख्य' आला कुठून? मुखातून. मुख म्हणजे तोंड. प्रमुखही त्याच तोंडचा. म्हणजे इंग्रजानं वरच्या माणसाला डोकं मानलं आणि आपण त्याला तोंड मानलं! संस्कृतात मुख म्हणजे चेहरा, पुढची बाजू, हे मला पंडितांनी सांगू नये. मला ते मान्य आहे. पण मुख्य कार्यालयाकडून येणारी परिपत्रकं बावीस वर्षं वाचल्यावर माझं मत असं झालंय, की व्युत्पत्तिशास्त्रात एवढा अचूक शब्द दुसरा नसेल. जिथून फक्त बोललं जातं ते मुख्य.

आपल्याकडे डोक्यानं वरिष्ठ होण्याची सोय नव्हती असंही नाही. ती फारशीनं करून ठेवली होती. फारशीत 'सर' म्हणजे डोकं. सरदार, सरकार, सरहद्द, सरपंच, सरचिटणीस, सरन्यायाधीश ही सगळी डोकीच. तिकडचा 'सरिश्ता' मराठीत आला आणि त्याचा शिरस्ता झाला. सरचं शिर कसं झालं हे भाषापंडित सांगतील, पण कान आमचा मराठी, त्याला डोक्याचा वास बरोबर लागला. १६७४ साली राज्याभिषेक झाला आणि सरनौबताचा सेनापती झाला. तिथं डोकं गेलं आणि पती आला. या सगळ्या धामधुमीत एक आडनाव मात्र दोन्ही पक्षांना सांभाळून राहिलं, सरदेशमुख. सर म्हणजे डोकं, मुख म्हणजे तोंड, आणि मधे देश. डोकं आणि तोंड दोन्ही एका ठिकाणी असलेला हा बहुधा एकच हुद्दा, आणि त्याचा दर होता दहा टक्के.

दुसरा साचा 'शीर्ष'. यानं मात्र माझ्या खात्यातच मुक्काम ठोकला. अकाउंट हेडला शासकीय मराठीत लेखाशीर्ष म्हणतात. सरकारी हिशेबात प्रत्येक खर्चाला चार आकडी हेड असतं. पहिला आकडा दोन किंवा तीन असेल तर महसुली खर्च, चार किंवा पाच असेल तर भांडवली. सर्वसाधारण शिक्षणाचं हेड २२०२. म्हणजे शाळेतल्या हेडचा पगारसुद्धा आधी हेड सापडल्याशिवाय होत नाही. मुख्याध्यापक तोंड घेऊन उभे, आणि पैसे डोक्याखाली.

यावर हसून सोडून दिलं असतं, पण एका आजींनी मला हसू दिलं नाही. मार्केट यार्डात आयुष्यभर पोती वाहिलेल्या एका हमालाची ती विधवा. तिला दरमहा मिळणारे सरकारी मदतीचे पैसे तीन महिने आले नव्हते. चौकशी केल्यावर कळलं, की रक्कम वरूनच दुसऱ्या हेडखाली आली होती आणि मग सस्पेन्स खात्यात पडून होती. काउंटरवरच्या आमच्या एका तरुण सहकाऱ्यानं तिला नम्रपणे सांगितलं, "आजी, हेड चुकलंय. लेखाशीर्ष दुरुस्त होऊन आलं की पैसे जमा होतील." आजी त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कुणाचं डोकं चुकलं म्हनतो ह्यो, बाळा? माझं?"

या प्रश्नाला आमच्या मॅन्युअलमध्ये उत्तर नव्हतं. लेखाशीर्ष या शब्दात व्याकरणाची एकही चूक नाही. लेखा शुद्ध, शीर्ष शुद्ध, समास शुद्ध. फक्त ज्या बाईचे पैसे त्या शब्दाखाली अडकले होते तिला तो कळत नव्हता, आणि त्यामुळे आपलंच काही चुकलं असं तिला वाटत होतं. शब्दाची समीक्षा करायची ती इथं. 'खातं' हा साधा शब्द होता. "पैसे दुसऱ्याच खात्यावर पडलेत" असं म्हटलं असतं तर तिनं वरच्या सगळ्यांचा उद्धार केला असता, आणि तो तिचा हक्क होता. शीर्षानं तो हक्क काढून घेतला. जो शब्द ऐकून माणसाला भांडतासुद्धा येत नाही, तो कितीही शुद्ध असला तरी त्याच्या खात्यावर मी नावेच टाकीन.

आणि नडलं काय होतं? मराठीकडे डोक्यांचा तुटवडा होता का? डोकं, डोई, माथा, शिर, मस्तक, मुंडी, मुंडकं, टाळकं, टकुरं. एका धडावर नऊ डोकी, रावणाला एकच कमी. पुन्हा प्रत्येकाचं काम वेगळं. नवस करताना मस्तक ठेवतात, वैतागल्यावर टाळकं फिरतं, कोंबडीची मुंडी मुरगळतात आणि लढाईत शिर जातं. हिंदीनं 'पर कॅपिटा'चं 'प्रति व्यक्ति' केलं. आपण 'दरडोई' केलं. दररोज-दरमहामधला तो दर घेतला, त्याला डोई जोडली आणि काम फत्ते. लॅटिनचा अर्थ जसाच्या तसा उतरला, आणि शब्द असा, की भाजीवालीलाही कळावा. १८८१ साली देशभर एकाच वेळी माणसं मोजली गेली, त्या उद्योगाला आपल्याकडे खानेसुमारी म्हणत आणि शिरगणतीही म्हणत. पुढं जनगणना आली आणि शिर गेलं. वर्तमानपत्राच्या हेडलाइनला मथळा म्हणतो, तोही माथ्याच्याच गोतावळ्यातला. हे शब्द कुणा समितीनं केल्यासारखे वाटत नाहीत, हीच त्यांची पावती.

'डोईजड' तर असा आहे, की त्यासमोर इंग्रजीनं हात टेकावेत. हाताखालचा माणूस शिरजोर होतो तो डोईजड, कर्ज फिटेनासं होतं ते डोईजड, आणि पोरीच्या लग्नाचा खर्चही डोईजड. बँकेत ज्याला अनुत्पादक मत्ता म्हणतात, त्याला डोईजड कर्ज म्हटलं असतं तर घेणाऱ्यालाही कळलं असतं आणि देणाऱ्यालाही.

आणि जिवंत भाषा कशी थांबत नाही ते पाहायचं असेल, तर पुण्यात राहावं. 'डोक्याची मंडई करू नकोस' हे वाक्य मंडईपासून दहा किलोमीटरवर राहणारी आमची वारज्यातली मुलंही सहज म्हणतात. 'डोकं आऊट झालं' यात अर्धा क्रिकेटचा आणि अर्धा घरचा माल आहे. कुणीतरी डोक्याला इंग्रजी शेपूट लावून 'डोकॅलिटी' असा शब्द काढला. पदनाम कोशातल्या कुणी तो मान्य केला नसता. पण मला विचाराल, तर ज्यानं तो काढला त्याच्याकडे ती होती.

आता थोडं इंग्रजी हेडच्या मराठी संसाराविषयी. काही हेडं आपण भाषांतर न करता ठेवली, ते मला पटतं. कालव्याचं हेड घ्या. आपला शेतकरी धरणाकडच्या टोकाला हेड म्हणतो आणि शेवटच्या टोकाला टेल. हेडला ऊस आणि टेलला आश्वासन, असा जुना रिवाज. म्हणूनच 'टेल टू हेड' पाणी द्या, म्हणजे आधी शेवटच्याला आणि मग धरणाजवळच्याला, हा आग्रह धरला जातो. हे तीन इंग्रजी शब्द शेतकऱ्यानं पचवून टाकलेत, कारण त्याचं पाणी त्यांत आहे. त्यांना 'पुच्छाकडून शीर्षाकडे' करून पाणी लवकर येणार नाही. लहानपणी आम्ही टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसत असू. त्याला शीर्ष म्हटलं असतं तर गाणं स्वच्छ ऐकू आलं असतं असं नाही. नाणेफेकीतल्या 'हेड्स'ला आपण छापा म्हणतो, हे तर फारच दूरदृष्टीचं. नाण्यावरचा राजा गेला, त्याचं डोकं गेलं, पण छाप्याचं काही बिघडलं नाही. तिथं आता अशोकस्तंभाचे सिंह आहेत. खांबाच्या अशा शिरोभागालाही इंग्रजीत कॅपिटलच म्हणतात! सिंह चार, पण दिसतात तीन. चौथं डोकं मागच्या बाजूला असतं, हे सगळ्यांना माहीत असतं, पण भेटत कुणालाच नाही. मुख्य कार्यालयाचं चिन्ह म्हणून याहून योग्य काही सापडणार नाही.

कुटुंबाच्या हेडबद्दल बोलायचं, तर २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यानं पात्र घरांच्या शिधापत्रिकेसाठी घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत वडीलधारी स्त्री ही कुटुंबप्रमुख ठरवली. आमच्या घरात ही तरतूद पूर्वलक्षी प्रभावानं लागू होती. तिथं प्रमुखमधलं मुख आणि हेडमधलं डोकं या दोहोंचा ताळा एकाच व्यक्तीत बरोबर जुळतो, एवढं सांगून मी हा मुद्दा जेवणाआधी संपवतो.

इथवर जमाखर्च जवळजवळ जुळत आला. पण शेवटी एक रक्कम उरते, आणि ती इंग्रजीच्या पानावर कुठं टाकावी हे मला सापडत नाही.

वारज्यातून एनडीए रस्त्यानं जाताना एक थांबा लागतो, गणपती माथा. १९९७ साली वारजे पुणे महापालिकेत आलं, इमारती उठल्या, टेकड्या झाकल्या गेल्या, तरी कंडक्टर अजून 'माथा' असंच ओरडतो. माथा म्हणजे चढाचा वरचा भाग. जिथं पायथा आहे तिथंच माथा असतो. मराठीनं डोंगराला पाय दिले आणि डोकंही दिलं. नुसतं डोकं घेऊन वर बसलेला डोंगर आपल्याला सुचलाच नाही.

त्याच माथ्यापासून दुसरा एक शब्द झाला, माथाडी. माथ्यावर ओझं वाहणारा तो माथाडी. इंग्रजी हेडच्या अंगानं जे जे हुद्दे निघाले, त्यांतला बहुतेक प्रत्येक माणूस कुणाच्या तरी डोक्यावर बसलेला आहे. मराठीत अवयवाच्या नावावरून निघालेला हा हुद्दा मात्र ज्याच्या डोक्यावर सगळं बसलंय त्याचा आहे. अण्णासाहेब पाटलांनी या माणसांना संघटित केलं आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. शंभर किलोचं पोतं पन्नासवर यावं, एवढ्या साध्या गोष्टीसाठी या माथ्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. कायद्याचं नाव इंग्रजीत लिहितानाही 'माथाडी' तसाच ठेवावा लागला. एवढ्या हेडांच्या बाजारात इंग्रजीला त्या माथ्यापुरता शब्द सापडला नाही, आणि आपल्या विधिमंडळानं तो शोधायची घाई केली नाही. मराठीचं ऑडिट करताना मला सर्वांत समाधान देणारी नोंद ही.

आता कोशकारांना एक विनंती. पुढच्या आवृत्तीत हेडखाली अर्थ देताना क्रमांक घालावे लागतील, तेव्हा थोडा विचार व्हावा. आजवरच्या रिवाजाप्रमाणे एक नंबरला मस्तक आणि दोन नंबरला प्रमुख, मुखिया, अधिपती वगैरे मंडळी बसतात. त्यांना खुशाल बसू द्या, त्यांना उभं राहायची सवय नाही. पण तीन नंबरला 'डोई : जी मोजली जाते ती', आणि चार नंबरला 'माथा : ज्यावर वरच्या तिघांचं ओझं असतं तो' असं लिहावं. आजींसारखं कुणी काउंटरवर आलं आणि विचारलं, "कुणाचं डोकं?" तर निदान कोश उघडून बोट ठेवता येईल.

आजींचे पैसे पुढं दीड महिन्यानं आले. सोबत मुख्य कार्यालयाचं पत्र होतं. विषय : शीर्षदुरुस्ती. ते वाचून मलाही क्षणभर आशा वाटली होती.